पान उघडं राहिलंय

६ जानेवारी

प्रिय भाचीबाई,

फोनच करणार होते. पण फोनवर तू एकीकडे माझ्याशी बोलतेस आणि दुसरीकडे कीबोर्ड बडवत असतेस, ते मला इकडे ऐकू येतं. पत्रातून तुला पळता येत नाही, म्हणून तिकीट लावून भांडायला बसले आहे.

भांडण असं आहे. तू मला वेबसाइट करून दिलीस, उपकार झाले. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईने आपल्या वडिलांच्या पृथ्वीगोलांच्या कारखान्यावर लिहावं, ही कल्पनाही तुझीच. मी चार पानं लिहिली, तू ती प्रसिद्ध केलीस, आणि मग माझ्या लक्षात आलं की चौथ्या पानावर मी चक्क खोटं लिहून बसले आहे. "छापील नकाशाच्या पाकळ्या कोरड्याच गोलावर चिकटवत असत." कोरडी पाकळी गोलावर बसेल तर शपथ. ती आधी ओली करायची, मग कागद ताणला जातो आणि गोलाच्या पोटावर सुरकुती न पडता बसतो. मला झोपेतून उठवून विचारलंस तरी हे सांगेन, आणि लिहिताना हात भलतंच लिहून गेला.

दुरुस्त करायला गेले तर पान जागचं हलेना. "हे पान प्रसिद्ध झाले आहे" असं म्हणून माझ्याच तोंडावर दार लावलं. म्हणजे काय? एकदा छापलं की जन्मभर तेच?

तुझ्या आजोबांच्या वेळी देशांची नावं बदलायची, सीमा सरकायच्या, आणि शाळा आपापले गोल उचलून कारखान्यात यायच्या. आजोबांनी कधी कुणाच्या गळ्यात नवा गोल मारला नाही. नखाएवढं ठिगळ छापायचे, त्याच्या कडा घासून पातळ करायचे, जुन्या नावावर बसवायचे आणि डोळे मिटून त्यावरून नख फिरवायचे. नखाला कड लागली तर ठिगळ उचकटून पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या यंत्राला असं ठिगळ लावता येतं की नाही, एवढंच मला सांग.

तुझे वडील बरे असतील. आम्ही एकाच गावात दोन गल्ल्या सोडून राहतो, तरी त्यांची खबर मला तुझ्याकडून लागते. तेव्हा कळवत जा.

तुझी,
आत्या


१५ जानेवारी

ती. आत्या,

साष्टांग वगैरे घालून झाला असं समज.

ठिगळ लावता येतं. मी मुद्दामच दार लावून ठेवलं होतं, कारण तू येता जाता हात फिरवत बसशील ही भीती होती. आता किल्ली देते, पण जपून वापर.

लॅपटॉपवर मी एक काळी खिडकी करून ठेवली आहे. चित्र नाही, बटण नाही, नुसता लुकलुकणारा ठिपका. घाबरू नकोस. तिच्यात तू हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं, ती मुकाट्याने ऐकते. ऑफिसात आम्ही दिवसभर हेच करतो. तुझ्यासाठी हुकूम मराठीत केले आहेत. चौथं पान उघडायचं तर असं लिही:

पान उघड गोल-चार किरकोळ

खिडकी तुला विचारेल, "कशासाठी?" तिथे एका ओळीत कारण लिहायचं. कारण दिल्याशिवाय ती उघडत नाही, या बाबतीत ती आपल्या शेजारच्या काकूंवर गेली आहे. मग हवी ती दुरुस्ती कर, आणि झाली की (मिटवतानाही ती तेच विचारते):

पान मिटव गोल-चार

यातला "किरकोळ" हा शब्द महत्त्वाचा. तो लिहिलास तर पानाची तारीख तीच राहते आणि ज्या वाचकांनी नाव नोंदवलंय त्यांना मेल जात नाही. कुणाला पत्ता लागत नाही, नखाला कड लागत नाही. तो शब्द गाळलास तर पानावर नवी तारीख पडते आणि सगळ्यांना कळवलं जातं की आत्याबाईंनी काही नवं सांगितलंय. स्वल्पविरामासाठी लोकांची झोप मोडायची नाही, हे लक्षात ठेव.

बाबा ठीक आहेत. गुडघा कुरकुरतो, ते कुरकुरत नाहीत. तू विचारलं नाहीस, पण मी सांगितलं.

तुझी भाची


३० जानेवारी

प्रिय भाचीबाई,

उघडलं. बदललं. मिटवलं. पाकळ्या आता ओल्या आहेत.

पहिल्या खेपेला तुझ्या खिडकीने माझा अपमान केला. मी शेवटी "कृपया" लिहिलं होतं. तर म्हणे, "हा शब्द कळला नाही." हीच तुमच्या धंद्याची तऱ्हा. असो, दुसऱ्यांदा मीही रीतभात सोडली आणि आमचं जमलं.

आता खरी गंमत. पानाच्या तळाशी तू "चूक आढळल्यास कळवा" अशी चौकट ठेवली आहेस ना? मला वाटलं होतं तिथे कोण फिरकणार. तर एक निनावी माणूस फिरकतो. पहिली चिठ्ठी आली, "खळीत मोरचूद नंतर आले. आधी कीड लागू नये म्हणून लवंगेचे तेल घालत. तपासावे." मी वाचून उडालेच. लवंगेचं तेल. त्या वासात मी लहानाची मोठी झाले आणि लिहिताना विसरले. मुकाट्याने पान उघडलं आणि चिकटवायच्या खळीत तेल घातलं.

नंतर दुसरी. "रोगण पूर्वेच्या नव्हे, उत्तरेच्या खिडकीत वाळवत. ऊन लागले तर रोगणाला भेगा पडतात. तपासावे." हेही खरं.

हे दोन्ही जगात कुणी सांगावं? मला वाटतं रोगणकाका. कारखान्यात रोगण द्यायला असायचे ते. ते आता खूप थकलेत, सुनेजवळ राहतात, पण नातवाकडून वाचून घेत असतील. तुला तर कळत असेल ना कोण लिहितं ते? बघून सांग.

आणि हो, मी सापळा लावला आहे. पाचव्या पानावर मी मुद्दाम लिहिलं की पाकळी चिकटवताना आजोबा गुणगुणत असत. ते काय करत असत ते ज्याला माहीत असेल त्याला हे सहन होणार नाही. बघू मासा लागतो का.

अजून एक मागणी. मी पान उघडून विचार करत बसते तेव्हा वाचणाऱ्याला ते कळायला हवं. आजोबा शाळेतून गोल दुरुस्तीला आणायचे तेव्हा कपाटात त्या जागी चिठ्ठी ठेवून यायचे, "गोल दुरुस्तीला नेला आहे," आणि खाली तारीख. मुलांना रिकामी जागा दिसू नये म्हणून. तशी चिठ्ठी तुझ्या यंत्राला ठेवायला सांग.

तुझी,
आत्या


८ फेब्रुवारी

ती. आत्या,

चिठ्ठी लावली. आता तू पान उघडलंस की त्याच्या माथ्यावर आपोआप ओळ येते, "या पानावर काम चालू आहे. शेवटचा हात: आज." दुसऱ्या दिवशी तू काही हात लावला नाहीस तर "आज"चं "काल" होतं. मिटवलंस की ओळ गायब. आजोबांची कल्पना फारच आवडली. ऑफिसात सांगितली तर साहेब म्हणाले, आपणही असं करू या. कुठून सुचलं ते मी सांगितलं नाही.

निनावी माणसाचं मात्र नाही सांगणार. चौकटीवर मीच लिहिलंय की नाव विचारलं जाणार नाही. मग मीच चोरून बघायचं, हे बरं दिसत नाही. खरंच बघितलेलं नाही. पण तुझा सापळा वाचून मलाही चैन पडेना. काय करायचे आजोबा?

आणखी एक विचारू? मी शाळेत जायला लागले तेव्हापासून तुमच्या दोघांची निरोपी आहे. "बाबांना सांग", "आत्याला सांग". ऐन दिवाणखान्यात दोघं असताना मी मधे उभी राहून निरोप पोचवलेत. का, ते मला कुणीच सरळ सांगितलं नाही. आई म्हणायची, "कारखान्यावरून झालं." तुझ्या तिसऱ्या पानावर शेवटी एक वाक्य आहे, "वडील गेल्यावर साचे भंगारात गेले. कुणी घातले, ते घरच्यांना माहीत आहे." घरच्यांपैकी मला माहीत नाही.

तुझी भाची


२१ फेब्रुवारी

प्रिय भाचीबाई,

विचारलंस ते बरं केलंस. सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आजोबा गेले तेव्हा मी परगावी शिकवत होते. दिवस होईपर्यंत थांबले आणि नोकरीवर परत गेले. सुट्टीत आले तर कारखान्याची खोली झाडून पुसून रिकामी. टेबल नाही, दोऱ्या नाहीत, साचे नाहीत. लाकडाचे ते अर्धगोल, ज्यांच्यावर आजोबा कागदाचे थर चढवायचे, तेही नाहीत. तुझ्या वडिलांनी सगळं हातगाडीवर घालून देऊन टाकलं होतं. मला एका शब्दाने विचारलं नाही. मी भर गल्लीत म्हटलं, "तुला नकाशे काढायची सरकारी नोकरी लागली, आता बापाचं जग मोडीत काढलंस." ते म्हणाले, "तू होतीस कुठे?" त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. संपली कथा. तू मोठी गोष्ट असेल असं समजली असशील तर निराशा झाली असेल.

आता सापळा. मासा लागला. दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी हजर. "गुणगुणत नसत. पाकळी बसेपर्यंत श्वास रोखून धरत. मग एकदम सोडत, त्याने खळीच्या वाटीवर तरंग उठे. तपासावे."

ते तरंग मी पाहिले आहेत. पण वाटी टेबलावर असायची, आणि रोगणकाका तर मागच्या खोलीत. माझ्या मनात पाल चुकचुकली. उठले आणि काकांकडे गेले. ते खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मी वेबसाइट म्हटलं, ते म्हणाले, "कोणाची साईट? बांधकाम काढलंस का?" त्यांचा नातू बाहेरगावी असतो. वाटीवरच्या तरंगांचं विचारलं तर म्हणाले, "पोरी, मला मालकांनी कधी त्या टेबलाजवळ येऊ दिलं नाही. माझ्या हाताला रोगण असायचं."

म्हणजे काका नव्हेत. त्या टेबलाशी उभं राहायची परवानगी कोणाला होती ते मी मोजून बघितलं. लगेच मोजून झालं. पण तुझे वडील मोबाइल हातात घेण्याआधी रुमालाने पुसतात, असं तूच सांगितलं होतंस. असा माणूस चौकटीत चिठ्ठ्या टाकत बसेल यावर माझा विश्वास नाही. कदाचित आजोबांनीच कुणा गिऱ्हाइकाला सांगितलं असेल.

आणि आता या गृहस्थाने हद्द केली आहे. सहाव्या पानावर मी बेटाचं लिहिलं. तुला ते कधी सांगितलं नाही. आजोबा प्रत्येक गोलावर, समुद्रात जिथे कोणाचं बोट कधी जात नाही अशा जागी, एक ठिपका टाकायचे. जगात नसलेलं बेट. तीच आपल्या कारखान्याची खूण. आणि मी लहान असताना त्यांनी माझ्या कानात सांगितलं होतं, "हे तुझं." मी तेवढंच लिहिलं. त्यावर चिठ्ठी काय यावी? "बेट एकट्या मुलीसाठी नव्हते. तपासावे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खिडक्या आणि खळ दुरुस्त केली, ठीक. पण माझं बेट कोण काढून घेणार? ही दुरुस्ती मी करणार नाही. ही किरकोळ नव्हे.

तुझी,
आत्या


४ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि मग वेबसाइटची सगळी पानं पहिल्यापासून वाचून काढली. त्यात मला एक गोष्ट दिसली, ती तुझ्या नजरेतून सुटली आहे. तो निनावी माणूस खळ सोडत नाही, खिडकी सोडत नाही, श्वाससुद्धा सोडत नाही. पण तिसऱ्या पानावरचं भंगाराचं वाक्य त्याने वाचलं असणारच, आणि त्याबद्दल एक अक्षर कळवलेलं नाही. ते बरोबर आहे म्हणून, की स्वतःची बाजू मांडायची नाही म्हणून, मला माहीत नाही.

दुसरं, पानांत तू साच्याचं वर्णन केलंस ना? लाकडाचा, आतून पोकळ, पालथा घातला की घुमट आणि उताणा केला की मोठा वाडगा. बाहेरून गुळगुळीत आणि तळाशी मधोमध दांडीसाठी भोक.

आत्या, आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली असं एक भांडं आहे. मला कळायला लागल्यापासून त्यात बटाटे ठेवतात. भोकातून माती गळते म्हणून आई खाली कागद घालायची. तिने कितीदा म्हटलं, हे अवजड लाकूड टाकून द्या, मी बांबूची बुट्टी आणते. बाबा एरवी आईचं सगळं ऐकायचे, पण त्या भांड्याचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे.

मी काही म्हणत नाही. फक्त बटाट्यांचं कळवते आहे.

तुझी भाची


१३ मार्च

भाचीबाई,

तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं.

सहावं पान उघडलं आहे. बेटाचं वाक्य समोर आहे. काय लिहायचं ते अजून ठरत नाही, म्हणून मिटवलेलं नाही. रोज सकाळी बसते, एक शब्द घालते, तोच काढते. घाई करू नकोस आणि फोनही करू नकोस. आजोबांनी केलेला शेवटचा गोल माझ्या कपाटावर गुंडाळून ठेवलेला आहे, तो एकदा काढून बघायला हवा.

आत्या


२२ मार्च

ती. आत्या,

घाई करत नाही. पण पान अजून उघडं आहे, एवढं लक्षात असू दे. माथ्यावर रोज "शेवटचा हात: आज" दिसतं, म्हणजे तू बसतेस हे कळतं. मी ऑफिसात पोचले की आधी तेच बघते.

पुढच्या आठवड्यात कामाची धांदल आहे. तरी मधे एकदा फोन करीन, रागात असलीस तरी उचल.

तुझी भाची


२९ मार्च

चि. बाळ,

आत्याचा पाय घोट्यात मोडला आहे. प्लास्टर घातले. जिवाला धोका नाही. काळजी करू नये. मी तिच्याकडे राहायला आलो आहे.

तुला प्रश्न पडेल की मला कसे कळले. तू मला गाड्यांच्या वेळा बघायला शिकवलेस, त्याच मोबाइलवर मी आत्याची पाने बघतो. रोज सकाळी बघतो. पहिले पान आले तेव्हापासून. चिठ्ठ्या मीच पाठवत होतो. नाव घालायचे धाडस झाले नाही. तिला माझे नाव दिसले असते तर तिने लवंगेचे तेलही घातले नसते, असे मला वाटले.

बेटाबद्दल लिहिले ते चुकले की काय, असे वाटत होते. पान उघडले गेले आणि उघडेच राहिले. वर "आज" यायचे. मी म्हणायचो, विचार करते आहे, करू दे. एके सकाळी "काल" आले. मी स्वतःला समजावले की गेली असेल कुठे. चहा घेतला, तो गोड लागेना. पुन्हा बघितले, "काल". ती एकदा काम हातात घेतले की ताप आला तरी सोडत नाही. लहानपणापासून तशी. मग चपला घातल्या.

दार आतून बंद होते. हाक मारली. आतून आवाज आला पण कडी निघेना. कोपऱ्यावरच्या सुताराला आणले, त्याने बिजागरी काढली. आत ती जमिनीवर होती. अंगावर पलंगावरची चादर ओढून घेतलेली, शेजारी पाण्याचा तांब्या. स्टूल एकीकडे. सकाळी पडली होती आदल्या दिवशी.

तू आदल्या दिवशी फोन केला होतास, तो पलीकडच्या खोलीत वाजत होता म्हणाली. तू राग समजून गप्प बसलीस. तुझी चूक नाही. आम्हीच तुला तशी सवय लावली.

बाकी ती लिहील. बिजागरी मी पुन्हा बसवली आहे. थोडी कुरकुरते, तेल घालीन.

बाबा


७ एप्रिल

प्रिय भाचीबाई,

पाय उशीवर आणि वही पोटावर ठेवून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू इतक्या लांबून धावत आलीस, चार दिवस राहिलीस, सूप करून पाजलंस आणि दादा आणि मी तुझ्यासमोर धड चार वाक्यंही बोललो नाही, म्हणून तू हिरमुसून गेलीस ते मला कळलं. आम्हाला सवय नाही गं. मधे कोणी निरोप्या नसला की बोलायला सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. तू गाडीत बसलीस आणि दुसऱ्या दिवशी सुचलं. ते तुला सांगायलाच हवं.

आधी तो दिवस. गोल काढायला मी स्टुलावर चढले. गोल हातात आला आणि स्टूल गेलं. मी दोन्ही हातांनी गोल वर धरला, त्यामुळे तो शाबूत राहिला आणि पाय मोडला. रात्रभर तो माझ्याजवळच होता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. सगळ्यात जास्त भीती ही वाटली की आता मी अशीच गेले तर त्या पानावर अर्धं खोडलेलं वाक्य तसंच राहील, आणि ज्याने तपासायला सांगितलं त्याला वाटेल की मी ऐकलंच नाही.

मग दुसऱ्या दिवशी दारावर थाप. आणि दाराच्या फटीतून, इतक्या वर्षांनी, मला उद्देशून पहिलं वाक्य. तुला काय वाटतं, "बरी आहेस का?" छे. दादा बाहेरून म्हणाला, "अगं, पान उघडं राहिलंय."

मी म्हटलं, "दादा, स्टूल मोडलं."

एवढंच. त्यात सगळं आलं असं त्याला वाटलं असावं, कारण नंतर तो चार दिवस फक्त औषधाच्या वेळांबद्दल बोलला.

तू गेल्यावर मात्र तो घरी गेला आणि पिशवीतून साचा घेऊन आला. बटाटे काढून, धुऊन, पुसून. माझ्या मांडीवर ठेवला. मी हात फिरवला तर बोटांना सगळं आठवलं. मी विचारलं, "एकच?" तो म्हणाला, "दुसरा गाडीवर चढवला. हा उचलला, आणि चढवेना." मग म्हणाला, "कर्ज होतं वडिलांचं, गोल कोणी घेत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस. मला ते नको होतं." आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात, "तसंही एका साच्यावर दोन्ही अर्धी निघतात. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. आजोबा घाईच्या दिवसांत तसंच करायचे, एक अर्धं काढलं की त्याच लाकडावर दुसरं. एक साचा असला की गोल करता येतो. मी इतकी वर्षं सगळं संपलं म्हणून रडत होते, आणि जग चालत जाण्याच्या अंतरावर ओट्याखाली ठेवलेलं होतं. मी खूप रडले. तो गॅलरीत गेला नाही, बसून राहिला.

मग आम्ही गोल घेतला, भिंग घेतलं, आणि समुद्रात बेट शोधलं. सापडलं. मी म्हटलं, "हे माझ्यासाठी होतं. त्यांनी कानात सांगितलं होतं." दादा म्हणाला, "मलाही कानातच सांगितलं. 'हे तुझं, तिला सांगू नकोस.' म्हणून मी बोललो नाही." मी म्हटलं, "मग आता इतक्या उशिरा चौकटीत का बोललास?" तर म्हणाला, "तू जगाला सांगितलंस, मग मला राहवलं नाही." आजोबांची चलाखी बघ. ठिपका एक, गिऱ्हाइकं दोन, आणि कोणालाच कड लागली नाही.

आता कामाचं. काल आम्ही दोघं काळ्या खिडकीसमोर बसलो. सहाव्या पानावर आता असं आहे, "ते बेट आम्हा दोघांना वेगवेगळं दिलेलं होतं, आणि दोघांनीही ते जपून ठेवलं." मग तिसरंही पान उघडायचं ठरवलं. मी सवयीने "किरकोळ" लिहायला लागले तर दादाने माझा हात धरला. तो शब्द गाळला. तारीख नवी पडू दे म्हणाला, लोकांना कळू दे. भंगाराचं वाक्य मी स्वतः खोडलं. त्या जागी लिहिलं, "एक साचा शिल्लक आहे. तो माझ्या भावाने सांभाळला. काही काळ त्यात बटाटे होते." बटाट्यांवरून आमचा वाद झाला, त्याला ते बरं दिसत नव्हतं. मी ठेवले.

मिटवताना तुझ्या खिडकीने पुन्हा विचारलं, "कशासाठी?"

मी म्हटलं, तू लिही. त्याने रुमाल काढला, कीबोर्ड पुसला, चष्मा लावला. एका बोटाने अक्षरं शोधत बसला. कार्यालयात इतकी वर्षं नकाशांच्या कोपऱ्यात "तपासावे" असं जे एका शब्दात लिहीत आला, तेच पुन्हा लिहील असं मला वाटलं होतं.

त्याने लिहिलं, "तपासले." आणि पान मिटवलं.

तुझी,
आत्या